शास्त्रग्रंथ आणि कथाग्रंथ यांच्या वाचनगतीचा प्रश्न : बारामती परिसराच्या आधारे एक ऐतिहासिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

कथा झरझर वाचून होते आणि शास्त्रीय ग्रंथ मात्र पानापानाला अडतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. तो इतका सार्वत्रिक आहे की त्याचे कारण शोधण्याची गरज फारशी कोणाला भासत नाही. कथा सोपी आणि शास्त्र अवघड, एवढे म्हटले की विषय संपतो. परंतु या उत्तरातून दोन अनिष्ट निष्कर्ष नकळत निघत असतात. ज्या विद्यार्थ्याला शास्त्रीय मजकूर सावकाश वाचावा लागतो तो बुद्धीने मंद आहे, असे प्रथम इतरांना आणि पुढे त्याला स्वतःलाही वाटू लागते. आणि मराठीतील शास्त्रीय मजकूर मराठी माणसालाही सावकाश वाचावा लागतो, त्या अर्थी मराठी भाषाच शास्त्रविषयाला अपुरी आहे, असा ग्रहही दृढ होतो. हे निष्कर्ष कितपत साधार आहेत हे ठरविण्यासाठी वाचनाच्या गतीचा इतिहास तपासून पाहणे अवश्य आहे.

या तपासणीस बारामती-इंदापूर हा पुणे जिल्ह्याचा आग्नेयेकडील भाग विशेष उपयोगी पडतो. अठराव्या शतकात वाचनाच्या दोन अगदी भिन्न चाली असलेले ग्रंथकार येथे होऊन गेले. नीरा डाव्या कालव्याने येथील शेती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बदलली. विसाव्या शतकात वालचंदनगरची कारखानदारी, भिगवणचा कागद कारखाना आणि बारामतीची औद्योगिक वसाहत यांनी येथील माणसापुढे यंत्रे, रसायने आणि त्यांविषयीचा लेखी मजकूर आणून ठेवला. पोथी ते यंत्राची माहितीपुस्तिका हा मराठी वाचकाचा सारा प्रवास या एका परिसरात पाहावयास मिळतो.

२. कऱ्हाकाठचे दोन ग्रंथकार

श्रीधरस्वामी नाझरेकर यांनी ‘शिवलीलामृत’ हा ग्रंथ शके १६४०, म्हणजे इ.स. १७१८ मध्ये, बारामती येथे कऱ्हेच्या तीरी पूर्ण केला. ग्रंथाचे मूळ चौदा अध्याय असून ओवीसंख्या सुमारे अडीच हजार आहे. ओवी हा छंद मुळातच मोकळा आहे. त्यात श्रीधरांनी वाक्ये लहान ठेवली आणि क्रियापदे योग्य ठिकाणी आणून कथेचा ओघ कोठेही खंडित होऊ दिला नाही. त्यामुळे अक्षरओळख असलेली कोणतीही व्यक्ती हा ग्रंथ वाचू शके आणि अक्षरओळख नसलेली व्यक्ती तो ऐकून समजू शके. याचे पारायण थोड्या बैठकीत उरकते, आणि अकरावा अध्याय नित्य वाचण्याची प्रथा महाराष्ट्रभर रूढ आहे. नित्य वाचला जाणारा अध्याय किती वेगाने वाचला जातो, हे घरोघरी ऐकावयास मिळते.

श्रीधरांचे निधन १७२९ च्या सुमारास झाले. त्याच वर्षी पन्हाळगडावर मोरोपंत पराडकर यांचा जन्म झाला. पुढे ते बारामतीस आले, बाबूजी नाईक यांच्या आश्रयास पुराणिक म्हणून राहिले आणि १७९४ मध्ये येथेच त्यांचा अंत झाला. त्यांनी महाभारत आर्यांत रचले, अनेक रामायणे रचली, ‘केकावली’ लिहिली. त्यांच्या रामायणांपैकी ‘निरोष्ठ रामायणा’त एकही ओष्ठ्य वर्ण येत नाही, आणि ‘मंत्ररामायणा’त चरणांतून रामनामाचा मंत्र गुंफलेला आहे. अशा रचनेची चाल श्रीधरांच्या चालीहून सर्वस्वी भिन्न असणे स्वाभाविक आहे. समास दीर्घ, शब्दांचा क्रम वृत्ताच्या सोयीने फिरविलेला आणि श्लेष पावलोपावली. आर्या वाचली म्हणजे ती समजली असे होत नाही. तिचा अन्वय लावावा लागतो, पदे मनात पुन्हा मांडावी लागतात आणि मग अर्थ हाती येतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. श्रीधर आणि मोरोपंत हे दोघेही कथाच सांगत होते. किंबहुना मोरोपंतांची कथा वाचकास आधीपासून पाठ होती. महाभारतात पुढे काय होणार हे आर्या ऐकणाऱ्या प्रत्येकास ठाऊक होते. तरीही एक ग्रंथ धावत वाचला जाई आणि दुसरा थांबत थांबत. यावरून वाचनाची गती ‘कथा की शास्त्र’ या भेदाने ठरत नाही हे प्रथमदर्शनीच दिसून येते. एका ओळीत अर्थ किती दाटलेला आहे आणि तो सोडविण्याचे किती काम वाचकावर सोपविलेले आहे, यावर ती ठरते.

दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. आर्या सावकाश समजते म्हणून बारामतीतील श्रोत्यांस कोणी मंदबुद्धीचे म्हटले नाही. पुराणिक आर्या म्हणे, थांबे, अर्थ सांगे आणि मग पुढे जाई. गती ही वाचकाची खाजगी बाब नव्हती. ती ग्रंथाच्या स्वरूपावरून पुराणिक ठरवी आणि सभा तिच्याबरोबर चाले.

३. शास्त्राचे जुने वाचन

कथाकाव्याची ही स्थिती असताना शास्त्रग्रंथांचे वाचन कसे होत असे, हे पाहण्यासाठी बारामतीबाहेर जावे लागते. खानदेशात चाळीसगावजवळील पाटणे येथील शिलालेखावरून असे दिसते की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी तेथे मठ स्थापिला होता. लेखाचा काळ शके ११२८ (इ.स. १२०७) हा आहे. ‘लीलावती’ आणि ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ग्रंथांसाठी स्वतंत्र मठ उभारावा लागतो, यातच त्या ग्रंथांच्या वाचनाची रीत स्पष्ट होते. शास्त्र हे घरी बसून वाचावयाचे नसून गुरुमुखातून समजून घ्यावयाचे होते. सूत्र किंवा श्लोक प्रथम पाठ करावयाचा, नंतर त्यावरील वृत्ती व भाष्य ऐकावयाचे आणि शेवटी उदाहरणे सोडवावयाची, असा क्रम असे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त भ्रमर, हंस, युद्धातील बाण यांची उदाहरणे घालून गणित रंजक केले. परंतु त्या रंजकतेने वाचन जलद व्हावे असा हेतू नव्हता. विद्यार्थी उदाहरणापाशी थांबावा, त्यात गुंतावा, हा हेतू होता.

म्हणजे प्राचीन परंपरेत शास्त्राची मंद गती हा दोष मानला गेलेला नाही. मजकूर अल्पाक्षरी आणि त्याचा विस्तार वाचनाच्या वेळी, अशी ती योजनाच होती.

४. मुद्रण, पदच्छेद आणि विरामचिन्हे

एकोणिसाव्या शतकात ही योजना मोडली. हस्तलिखित पोथीत शब्द एकास एक जोडून लिहिलेले असत. मोडीत तर लेखणी न उचलता ओळ पूर्ण करण्याकडे कल असे. असा मजकूर डोळ्यांनी मुकाट्याने वाचणे दुष्कर होते. तो मोठ्याने उच्चारला म्हणजे कानाला शब्दांच्या सीमा कळत. मुद्रणाबरोबर शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याची पद्धत हळूहळू स्थिर झाली. १८५० मध्ये मेजर टॉमस कँडी यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका लिहून स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह इत्यादींचे नियम मराठी वाचकांपुढे मांडले. ही चिन्हे म्हणजे एका अर्थाने पुराणिकाच्या थांबण्याची मुद्रित खूणच होय. पुराणिक जेथे श्वास घेई तेथे आता स्वल्पविराम आला, आणि जेथे तो अर्थ सांगण्यासाठी थांबे तेथे पूर्णविराम आला. फरक एवढाच की पूर्णविराम अर्थ सांगत नाही.

या बदलाचे दोन परिणाम झाले. मूक वाचन सुलभ झाल्याने गती वाढली. परंतु त्याचबरोबर गतीची सर्व जबाबदारी एकट्या वाचकावर येऊन पडली. कठीण ग्रंथापाशी आता त्याच्यासोबत कोणी नव्हते. ही उणीव तत्कालीन विद्वानांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. परशुरामतात्या गोडबोले यांच्या ‘नवनीत’ (१८५४) या वेच्यांच्या संग्रहातून मोरोपंत शाळेतील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले. १८६५ मध्ये दादोबा पांडुरंग यांनी ‘केकावली’वर ‘यशोदापांडुरंगी’ ही विस्तृत टीका प्रसिद्ध केली. बारामतीच्या सभेत पुराणिक जे काम करी तेच काम ही टीका छापील पानावर करीत होती. काव्याला असा भाष्यकार लाभला. नव्या भौतिक शास्त्रांच्या मराठी ग्रंथांना मात्र तो क्वचितच लाभला, आणि पुढील अडचणीचे मूळ येथे आहे.

५. एकाच लेखणीची दोन गद्ये

मराठीत नवी शास्त्रे मुंबईच्या शालेय पुस्तक मंडळीच्या काळापासून येऊ लागली. हरि केशवजी पाठारे यांनी १८३० नंतरच्या दशकात ‘सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद’ हे पुस्तक इंग्रजीवरून रचले. विषय प्रश्नोत्तररूपाने मांडल्यामुळे भाष्यकाराची उणीव काहीशी भरून निघावी, अशी या प्रकारच्या पुस्तकांची रचना असे. परंतु शीर्षकातील पहिलाच शब्द चौदा अक्षरांचा आहे. वाचकाला तो फोडून, प्रत्येक पदाचा परस्परसंबंध लावून मग पुढे जावे लागते. याच हरि केशवजींनी बन्यनच्या प्रसिद्ध रूपककथेचे भाषांतर ‘यात्रिकक्रमण’ (१८४१) या नावाने केले.

याहूनही बोलका दाखला कृष्णशास्त्री चिपळूणकर यांचा आहे. त्यांचा ‘अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह’ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निरनिराळ्या विद्यांची मूलतत्त्वे सांगणारे लेख आहेत. त्याच सुमारास त्यांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणण्यास आरंभ केला. लेखणी एक, काळ एक, भाषेवरील प्रभुत्वही तेच; तरीही दोन्ही ग्रंथांच्या शीर्षकांतच दोन गती ऐकू येतात. पहिले शीर्षक बारा अक्षरांचा एकच समास आहे. दुसऱ्यात बोलीतले सुटे शब्द एकापाठोपाठ एक येतात आणि डोळा अडत नाही. गोष्टींच्या गद्याला बखरी, पोथ्या आणि घरातील कथा सांगण्याची दीर्घ परंपरा पाठीशी होती. शास्त्रीय गद्याला पाठीशी होते ते संस्कृत सूत्र व भाष्य यांचे वळण, आणि पुढ्यात होते इंग्रजी मूळ.

पुढील काळात कथेची गती वाढतच गेली. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये व लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आली. १८६७ मध्ये निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून रा. भि. गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ही कादंबरी १८७१ पासून क्रमशः आली. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू करून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून छापली. क्रमशः कादंबरीने वाचकाला पुढील अंकाची ओढ लावली आणि ओढ लागलेला वाचक भरभर वाचतो. त्याच मासिकांत ज्ञानविषयक लेखही असत. एकाच अंकात दोन्ही प्रकारचा मजकूर शेजारी आल्यामुळे दोहोंच्या गतीची तुलना प्रथमच सहज शक्य झाली. कादंबरीची गती हीच वाचनाची स्वाभाविक गती आणि शास्त्रीय लेखाची गती म्हणजे त्यातील उणीव, ही समजूत याच परिस्थितीत रुजली असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे.

६. प्रयोगशाळेतील मोजमाप

वाचनगतीचे शास्त्रीय मोजमाप याच काळात युरोपात सुरू झाले. १८७९ मध्ये पॅरिस येथील नेत्रवैद्य एमिल जावल यांच्या प्रयोगशाळेतून असे पुढे आले की वाचताना डोळा ओळीवरून सरकत जात नाही. तो उड्या घेत जातो आणि दोन उड्यांच्या मध्ये क्षणभर स्थिर राहतो. हा विराम साधारणतः सेकंदाचा चौथा किंवा पाचवा भाग असतो, आणि वाचन घडते ते या विरामातच. अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी १९०८ मध्ये या संशोधनाचा आढावा घेणारा ग्रंथ लिहिला.

कथा व कथेतर गद्य यांच्या तुलनेसाठी मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये केलेले संकलन महत्त्वाचे आहे. इंग्रजी वाचनाच्या १९० अभ्यासांतील आकडे एकत्र करून त्यांनी दाखविले की प्रौढ वाचकाची मूक वाचनाची सरासरी गती कथावाङ्मयासाठी मिनिटाला २६० शब्द आणि कथेतर गद्यासाठी २३८ शब्द असते. मोठ्याने वाचण्याची गती १८३ शब्द भरते. साठ हजार शब्दांचा ग्रंथ घेतला तर पहिल्या गतीने त्यास तीन तास एक्कावन्न मिनिटे आणि दुसऱ्या गतीने चार तास बारा मिनिटे लागतील. म्हणजे अंतर एकवीस मिनिटांचे! हा भेद मुख्यतः शब्दांच्या लांबीने स्पष्ट होतो, असेही त्यांना आढळले. कथेतर गद्यातील शब्द सरासरीने दीर्घ असतात. अर्थात या आकड्यांतील कथेतर गद्य म्हणजे निव्वळ शास्त्रग्रंथ नव्हेत, ही मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे.

खरे अंतर पडते ते वाचनाच्या हेतूने. रोनाल्ड कार्व्हर यांनी १९९० च्या ग्रंथात महाविद्यालयीन वाचकांच्या पाच गती सांगितल्या आहेत. एखादा शब्द शोधण्यासाठी नजर फिरविणे मिनिटाला ६०० शब्दांच्या गतीने, वरवर चाळणे ४५० च्या, अर्थ समजत सरळ वाचणे ३०० च्या, शिकण्यासाठी वाचणे २०० च्या आणि पाठ करण्यासाठी वाचणे १३८ च्या गतीने होते. वरील साठ हजार शब्दांचाच ग्रंथ शिकण्यासाठी वाचावयाचा तर पाच तास आणि स्मरणात ठेवण्यासाठी वाचावयाचा तर सव्वासात तास लागतील. कथा सरळ वाचली जाते, पाठ्यपुस्तक शिकण्यासाठी वाचले जाते. तेव्हा अनुभवास येणारा गतिभेद हा बहुतांशी दोन हेतूंमधील भेद असतो.

याची उलट बाजू रोल्फ झ्वान यांच्या १९९४ मधील प्रयोगात दिसते. तेच उतारे काही वाचकांना साहित्यकृती म्हणून आणि काहींना वृत्तपत्रातील मजकूर म्हणून देण्यात आले. साहित्य म्हणून वाचणाऱ्यांनी ते अधिक सावकाश वाचले आणि त्यांना शब्दरचना अधिक चांगली आठवली. म्हणजे वाचक मजकुराकडून जशी अपेक्षा करतो तशी गती धरतो. मोरोपंतांचा श्रोता आर्येपाशी का थांबे, याचे हे दोनशे वर्षांनंतरचे स्पष्टीकरण म्हणावयास हरकत नाही.

हे आकडे मराठीस जसेच्या तसे लावता येणार नाहीत. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामास जोडून येतात. ‘घरातल्यांनासुद्धा’ हा मराठीत एक शब्द आहे. इंग्रजीत तोच आशय चार-पाच शब्दांत जातो. म्हणून मिनिटास किती शब्द, हे माप दोन भाषांच्या तुलनेत फसवे ठरते. परंतु हेतूने गती बदलते आणि अपरिचित शब्दाने ती मंदावते, ही तत्त्वे भाषेवर अवलंबून नाहीत.

७. परिभाषेचा भार

अपरिचित शब्दाचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहिला पाहिजे. १९८० मध्ये पिट्सबर्ग येथील मार्सेल जस्ट आणि पॅट्रिशिया कार्पेंटर यांनी विद्यार्थ्यांना नियतकालिकांतील शास्त्र व तंत्र विषयांवरील उतारे वाचावयास देऊन त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. त्यांतील एक उतारा फ्लायव्हीलविषयी होता. वाचकांनी बहुतेक प्रत्येक अर्थवाही शब्दावर दृष्टी टेकविली. क्वचित आढळणाऱ्या आणि अगदी नवख्या शब्दांवर ती जास्त वेळ थांबली, आणि वाक्याच्या अखेरीसही काही जादा वेळ लागला; जणू वाचलेले सर्व तेथे जुळविले जात होते. शब्द पुन्हा पुन्हा आला म्हणजे त्यावरील विराम कमी होतो, हेही नंतरच्या अभ्यासांतून दिसून आले.

यावरून पारिभाषिक शब्दाची किंमत वाचकाला पहिल्या काही भेटींतच मोजावी लागते. शब्द स्थिर राहिला तर पुढे तो फुकट मिळतो. मराठीची अडचण नेमकी येथे झाली. हायड्रोजनला जुन्या ग्रंथांत ‘उज्ज’ म्हटले गेले, पुढील पुस्तकांत मूळ शब्दच आला. ‘उज्ज’ शिकण्यासाठी एका पिढीने घेतलेले कष्ट दुसऱ्या पिढीच्या उपयोगी पडले नाहीत. उलट ‘प्राणवायू’, ‘दाब’, ‘तापमान’, ‘वेग’ हे शब्द बोलीत मुरले, आणि आज त्यांपाशी कोणी थांबत नाही. राज्यस्थापनेनंतर भाषा संचालनालयाने परिभाषाकोशांचे काम हाती घेतले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली ‘मराठी विश्वकोशा’चा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. त्याआधी १९२८ पासून ‘सृष्टिज्ञान’ मासिकाने आणि १९६६ पासून मराठी विज्ञान परिषदेने हे शब्द वाचकांत खेळते ठेवण्याचे काम केले. परंतु कोशात शब्द असणे वेगळे आणि तो वाचकाच्या डोळ्याला सरावाचा असणे वेगळे.

हा सराव घडविण्यात कथेचा वाटा किती असू शकतो, हे जयंत नारळीकर यांच्या उदाहरणावरून कळते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली आणि तिला पारितोषिक मिळाले. कृष्णविवर ही कल्पना कथेच्या ओघात भेटल्यावर त्याच विषयावरील शास्त्रीय लेख वाचताना वाचक निदान त्या शब्दापाशी तरी अडखळत नाही. नारळीकरांनी पुढे कथा व शास्त्रीय लेखन ही दोन्ही सातत्याने केली. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा मराठी वाचकांच्या दोन पिढ्या खगोलशास्त्राचे शब्द त्यांच्याकडून शिकलेल्या होत्या. कथेने शास्त्राची जागा घेतली नाही. शास्त्राच्या वाटेवरील अनावश्यक खडे तिने दूर केले, चढ मात्र तसाच राहिला.

८. औद्योगिक बारामती

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. त्याच वर्षी बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले. पुढील काळात औद्योगिक वसाहत वाढली. तीनचाकी वाहने, घडीव सुटे भाग, दुग्धपदार्थ, वस्त्रे यांचे कारखाने तेथे आले. बारामती व इंदापूर तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांतील तरुण तेथे कामास जाऊ लागले. ज्या घरांत शिवलीलामृताचा अकरावा अध्याय झपाट्याने वाचला जातो, त्या घरांतील तरुणाला यंत्रावरील सूचना, तेलाच्या दाबाचे तक्ते आणि रसायनांच्या हाताळणीचे नियम वाचावे लागू लागले.

येथे वाचनगतीचा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावण्याची तरतूद करण्यात आली होती. परंतु ‘समजेल अशी भाषा’ म्हणजे केवळ मराठी लिपी नव्हे. कामगाराच्या तोंडी ‘फ्लायव्हील’, ‘बेअरिंग’, ‘गेज’ हे शब्द असतात. त्यांच्या जागी त्याने कधीही न ऐकलेला संस्कृत समास घातला तर तो ज्या ठिकाणी थांबण्याचे कारण नाही तेथे थांबतो, आणि जेथे थांबणे जरूर आहे त्या आकड्यापर्यंत पोहोचेतो त्याचे लक्ष शिणलेले असते.

वसाहतीबाहेरील उसाच्या व द्राक्षांच्या शेतीतही हेच दिसते. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी डब्यावर चौकट घालून तीत विषारीपणाच्या प्रमाणानुसार लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग देण्याची पद्धत घातली. माहितीपत्रक प्रादेशिक भाषेतही असावे असे ठरले. या योजनेत दोन गतींची जाण आहे. रंग क्षणार्धात वाचला जातो. धोका ओळखण्यास तेवढे पुरे. परंतु एका पंपास किती मिलिलिटर औषध घ्यावयाचे हा मजकूर सावकाश, आकडा दोनदा पाहून वाचावयाचा असतो. तो कथेच्या गतीने वाचला तर पीक जळते किंवा माणूस आजारी पडतो.

शाळेत मात्र ही जाण क्वचितच दिसते. परीक्षेतील वेळेचे बंधन, जलद वाचनाचे वर्ग आणि उच्च माध्यमिक विज्ञानशाखेत एकदम पुढे येणारे इंग्रजी माध्यम यांमुळे विद्यार्थी स्वतःची गती सतत कादंबरीच्या किंवा दुसऱ्या विद्यार्थ्याच्या गतीशी ताडून पाहतो. जलद वाचनाचे वर्ग अमेरिकेत इव्हलिन वुड यांनी १९५९ मध्ये लोकप्रिय केले. २०१६ मध्ये कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरील सर्व पुराव्याचा आढावा घेऊन असा निर्वाळा दिला की वेग फार वाढविला की आकलन घटतेच. दोन्ही एकदम पदरात पडत नाहीत. वाचनाचा वेग खऱ्या अर्थाने वाढतो तो भाषेचा व विषयाचा परिचय वाढल्याने. शिवलीलामृत झपाट्याने वाचणारी स्त्री कोणत्याही वर्गास गेलेली नसते. तिने तो अध्याय शेकडो वेळा वाचलेला असतो.

९. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की शास्त्रीय मजकुराची मंद गती दोन वेगळ्या कारणांनी निर्माण होते, आणि त्यांची गल्लत करणे हितावह नाही. पहिली मंदता विचाराची आहे. दोन राशींमधील संबंध समजून घेणे, सिद्धतेची एक पायरी पक्की झाल्यावाचून दुसरीवर न जाणे, आकडा पुन्हा पाहणे, यांसाठी लागणारा वेळ कोणत्याही भाषेत लागतोच. पाटण्याच्या मठात तो लागत होता, आजही लागतो. ही मंदता जपली पाहिजे. दुसरी मंदता अपरिचित व अस्थिर परिभाषेची, दीर्घ समासांची आणि भाष्यकाराच्या अभावाची आहे. ती मराठीच्या एकोणिसाव्या शतकातील विशिष्ट इतिहासातून आली असल्याने प्रयत्नाने घालविता येण्याजोगी आहे.

ती घालविण्याचे मार्गही या इतिहासातच आढळतात. ‘यशोदापांडुरंगी’ने काव्यासाठी जे केले ते शास्त्रीय पाठ्यपुस्तकांसाठी करणे, म्हणजे मजकुराशेजारी त्याची फोड देणे, हा एक मार्ग. रूढ झालेला शब्द, मग तो संस्कृत असो वा इंग्रजी, वारंवार न बदलणे हा दुसरा. आणि वर्गात शास्त्रीय उतारा मोठ्याने वाचून, वाक्याच्या अखेरीस थांबून, अर्थ सांगून पुढे जाणे हा तिसरा. हा शेवटचा मार्ग नवा नाही. अठराव्या शतकात बारामतीच्या सभेत पुराणिक आर्येपाशी थांबत असे आणि साऱ्या सभेला थांबवीत असे. त्या थांबण्यात श्रोत्याचा कमीपणा नव्हता. ग्रंथाचा मान होता. हा मान शास्त्रीय गद्यास मिळाला तर सावकाश वाचणारा मराठी विद्यार्थी स्वतःला उणा समजणार नाही, आणि भाषेलाही उणी ठरविणार नाही.